गुन्ह्यांचा आकडा कुठून येतो, आणि तो यंत्राला शिकवला की काय होतं

तीन वर्षांपूर्वी एसटीत चढताना माझ्या पिशवीतून फोन गेला. पिशवीला खालून ब्लेड मारलेलं होतं, त्यामुळे चोरी झाली यात शंकाच नव्हती. तडक पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी बसवलं, पाणी दिलं, आधी सिमकार्ड बंद करायला लावलं. मग एक छापील अर्ज पुढे केला. त्यावर लिहिलेलं होतं, ‘मोबाइल गहाळ झाल्याबाबत’. मी म्हटलं, “साहेब, गहाळ नाही, चोरीला गेलाय. ही पिशवी बघा.” ते शांतपणे म्हणाले, “ताई, नवीन सिमला एवढा कागद पुरतो. गुन्हा दाखल केलात तर कोर्टाच्या तारखा तुम्हालाच पडतील.” मला घरी जायची घाई होती. मी सही केली.

त्या वर्षी देशात किती चोऱ्या झाल्या याचा सरकारी आकडा निघाला, त्यात माझी चोरी नाही. असे किती फोन, किती पाकिटं, किती मारहाणी त्या आकड्यात नसतील याचा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. हा विचार आता जास्त तातडीचा झाला आहे, कारण याच नोंदी कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे एआयला, शिकवायला वापरल्या जाऊ लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये पोलीस दलासाठी ‘मार्व्हल’ नावाची एआय कंपनी नागपुरात सुरू केली. २०२५च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं बनवलेली ‘महाक्राइमओएस’ ही तपासाची प्रणाली राज्यातल्या ११०० पोलीस ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. म्हणून ठाण्यातला कागद, दिल्लीतला आकडा आणि संगणकातलं यंत्र यांची साखळी एकदा नीट उलगडून पाहू.

आकडा नेमकं काय मोजतो?

दरवर्षी ‘देशात गुन्हे इतके वाढले’ अशी बातमी येते. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अहवालावरून येते. हा विभाग १९८६मध्ये स्थापन झाला. अहवाल मात्र १९५३पासून निघतो. २०२३ सालचा अहवाल २०२५च्या सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झाला. आपण ताजा आकडा म्हणून जो वाचतो, तो बऱ्याचदा पावणेदोन वर्षांचा शिळा असतो.

विभागाच्या नावातच उत्तर आहे. हा विभाग गुन्हे मोजत नाही, गुन्ह्यांच्या नोंदी मोजतो.

दोन शब्द इथे समजून घ्यावे लागतात. ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय सुरू करू शकतात, तो दखलपात्र. त्याची पहिली लेखी नोंद म्हणजे एफआयआर. बाकीचे अदखलपात्र, ज्याला ठाण्यात ‘एनसी’ म्हणतात. देशाचा जो मोठा आकडा छापून येतो, तो दखलपात्र गुन्ह्यांचा. शेजाऱ्यानं शिवीगाळ केली म्हणून तुम्ही एनसी करून आलात, तर ती त्यात नाही. आणि ‘गहाळ’ हा तर मुळात गुन्हाच नाही.

एखादी घटना आकड्यात यायला तीन उंबरठे ओलांडावे लागतात. ती घडावी लागते, कुणीतरी ती सांगावी लागते आणि पोलिसांनी ती लिहावी लागते. आपण आकडा वाचतो आणि समजतो की पहिल्या उंबरठ्यावरची गर्दी मोजली आहे. प्रत्यक्षात तिसरा उंबरठा ओलांडून आलेल्यांची मोजदाद झालेली असते.

पुढच्या दोन उंबरठ्यांवर किती लोक अडतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत बायकांना घरी जाऊन, एकांतात विचारलं गेलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती. ही मदतही बहुतेकदा माहेरची. पोलिसांपर्यंत गेलेल्या त्याहून कितीतरी कमी.

वाण्याच्या उधारीच्या वहीची कल्पना करा. वहीत ज्यांची नावं आहेत तेच साखर खातात असं कुणी मानलं, तर रोखीनं घेणारं किंवा मार्केट यार्डातून पोतं आणणारं घर साखर खातच नाही असं ठरेल. वही खोटी नाही, तिच्यातली प्रत्येक ओळ खरी आहे. पण ती गावाच्या साखरेची वही नाही. ही वही डोक्यात असू द्या, यंत्राकडे वळल्यावर पुन्हा लागेल.

आकडा वाढला, म्हणजे गुन्हे वाढले?

२०२० हे साल आठवा. एसट्या बंद, बाजार बंद, लोक घरात. त्या वर्षी देशातले दखलपात्र गुन्हे किती वाढले? तब्बल २८ टक्के. २०१९मध्ये ५१ लाख ५६ हजार होते, ते ६६ लाखांवर गेले.

एक मोठं कारण अहवालातच होतं. सरकारी आदेश मोडल्याबद्दलचं कलम १८८. त्याखाली २०१९मध्ये २९,४६९ गुन्हे होते, २०२०मध्ये ६,१२,१७९ झाले. मास्क न लावता फिरणारे, शटर अर्धं उघडं ठेवणारे, गावी चालत निघालेले, सगळे त्यात. त्याच वर्षी चोऱ्या कमी झाल्या होत्या. ज्यानं फक्त मथळा वाचला त्याला वाटलं, टाळेबंदीत देश गुन्हेगार झाला.

गुन्हा काय हे कायदा ठरवतो, आणि कायदा जागेनुसार आणि काळानुसार बदलतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या सहा वर्षांत दारू विकणं, बाळगणं हा तिथे गुन्हा होता. त्याआधी आणि त्यानंतर परवाना असला की तोच धंदा. आता नव्या भारतीय न्याय संहितेकडे पाहा, जी १ जुलै २०२४पासून लागू आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची, पहिल्यांदाच केलेली किरकोळ चोरी तिच्यासोबतच्या नव्या प्रक्रिया कायद्यानं अदखलपात्र यादीत टाकली आहे. त्यामुळे पुढच्या अहवालांत चोरीचा आकडा उतरलेला दिसला, तर चोर सुधारले असं म्हणण्याआधी हे आठवावं लागेल.

कधीकधी तर आकडा वाढणं ही चांगली खूण असते. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीतलं निर्भया प्रकरण घडलं. देश रस्त्यावर आला, २०१३मध्ये कायदा बदलला, नोंद न घेणाऱ्या पोलिसालाही शिक्षेची तरतूद झाली. बलात्काराच्या नोंदी २०१२मध्ये २४,९२३ होत्या, २०१३मध्ये ३३,७०७ झाल्या. एका वर्षात इतके अत्याचार वाढले असं मी मानत नाही. जास्त बायका बोलल्या, आणि जास्त ठाण्यांना लिहावं लागलं. गावात नवा दवाखाना सुरू झाला की तापाच्या रुग्णांची नोंद वाढते, म्हणून दवाखान्यानं ताप आणला असं आपण म्हणत नाही. एनसीआरबी स्वतःच अहवालाच्या सुरुवातीला बजावते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते पान बातमीपर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

उलट बाजूही पाहू. २०२३मध्ये सायबर गुन्ह्यांचे ८६,४२० एफआयआर झाले. केंद्र सरकारच्या सायबर तक्रारींच्या पोर्टलवर त्याच वर्षी जवळपास १६ लाख तक्रारी होत्या. म्हणजे साधारण १८ तक्रारींमागे एक गुन्हा. एकाच टोळीच्या अनेक तक्रारी एका एफआयआरमध्ये येतात हे धरलं, तरी ही दरी फार मोठी आहे. निवृत्तीचे पैसे एका दुपारी गमावलेल्या किती माणसांची कहाणी त्या दरीत पडली आहे, याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

‘देशातलं सर्वात सुरक्षित शहर’

२०२२च्या अहवालानंतर पुण्यात एक बातमी खूप फिरली. दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे कोलकात्यात सर्वात कमी, ८६.५, आणि त्याखालोखाल पुण्यात २८०.७. लाखामागे दर काढणं हे योग्यच आहे. वीस घरांच्या वाडीत दोन चोऱ्या आणि मुंबईत दोन चोऱ्या यांची तुलना नुसत्या संख्येनं होत नाही.

पण लाखामागे म्हणजे कुठल्या लोकसंख्येमागे? शहरांच्या हिशोबात २०११च्या जनगणनेची. २०२१ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ची होते आहे. पुण्यालगतचं २०११चं वाघोली आणि आजचं वाघोली पाहिलेल्या कुणालाही कळेल की भागाकार करताना खाली टाकलेला आकडा किती जुना आहे. पुण्याच्या बाबतीत खरा दर कदाचित छापलेल्यापेक्षा कमीच निघेल. पण कोलकात्याहून पुणे तिपटीनं असुरक्षित, असं या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. कुठलं शहर किती तत्परतेनं लिहितं, हे त्या आकड्यात मिसळलेलं असतं. राज्यांची क्रमवारी लावू नका असंही एनसीआरबी सांगते.

आणखी एक नियम फारच कमी जणांना माहीत असतो. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील, तर मोजताना फक्त सर्वात गंभीर गुन्हा धरतात. घरफोडी, मारहाण आणि खून एकाच रात्री झाले, तर अहवालात दिसतो एक खून.

मग आकडे कचऱ्यात टाकायचे का?

नाही. कुठला आकडा किती भरवशाचा हे ओळखायचं. खून लपवणं अवघड, कारण प्रेत असतं, शवविच्छेदन होतं, नातेवाईक असतात. २०२२मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले, २०२३मध्ये २७,७२१. ही घट मी बऱ्याच विश्वासानं घेईन. वाहनचोरीचंही तसंच, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही, त्यामुळे माणूस लिहून घेतल्याशिवाय उठत नाही. विनयभंग, घरातली मारहाण, खंडणी, लाच यांचे आकडे मात्र कोण बोलायला धजावलं याचे आकडे आहेत. ते वाचताना सोबत घरोघरच्या पाहणीचा आकडा हवाच.

आता यंत्राकडे

एआय म्हणजे इथे आपल्याला एवढंच पुरे: जुनी उदाहरणं भरपूर दाखवली की त्यातली पुन्हा पुन्हा येणारी रचना ओळखून पुढचा अंदाज सांगणारी संगणक प्रणाली. हजारो पिकलेल्या आंब्यांचे फोटो दाखवले की नवा आंबा पिकला का ते सांगेल. तिला स्वतःचे डोळे नाहीत. जे दाखवलं तेवढंच तिचं जग.

गुन्ह्यांचा अंदाज सांगणाऱ्या प्रणालीला आपण काय दाखवतो? पोलिसांची वही. म्हणून ती ‘उद्या गुन्हा कुठे घडेल’ हे सांगत नाही. ‘उद्या पोलीस गुन्हा कुठे लिहितील’ हे सांगते. माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाची मेख या एका फरकात आहे.

हे कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहराच्या बाबतीत आकड्यांनिशी दिसलं. २०१६मध्ये ख्रिस्तियन लम आणि विल्यम आयझॅक या दोन संशोधकांनी तिथल्या पोलिसांच्या अमली पदार्थांच्या नोंदी, अमेरिकेत तेव्हा वापरात असलेल्या ‘प्रेडपोल’ या प्रणालीच्या पद्धतीत घालून पाहिल्या. आरोग्य पाहणीनुसार अमली पदार्थ घेणारे लोक शहरभर सगळीकडे होते. पोलिसांच्या नोंदी मात्र मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांतल्या. यंत्रानं साहजिकच त्याच वस्त्यांकडे बोट दाखवलं. तिथे गस्त वाढली तर तिथे अटका वाढणार, त्या अटका परत यंत्रात जाणार, आणि यंत्राची खात्री आणखी पक्की होणार. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण त्याच वर्तुळात. गोऱ्या वस्तीतला अमली पदार्थ घेणारा या वर्तुळाच्या कायम बाहेर राहतो.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी २०२०च्या एप्रिलमध्ये ही प्रणाली बंद केली. सांताक्रूझ या शहरात ती अगदी सुरुवातीला वापरली गेली होती. त्या शहरानं त्याच वर्षी जूनमध्ये अशा भाकितांवर बंदीच घातली.

‘यंत्राला जात कळत नाही, मग ते पक्षपाती कसं?’

हा प्रश्न मला सर्वात जास्त ऐकू येतो, आणि तो प्रामाणिक आहे. उत्तरासाठी अमेरिकेत जायची गरज नाही.

१८७१मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावली, कुंपणात डांबल्या. सोलापुरातल्या त्या जागेला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. १९५२मध्ये कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण ठाण्यातली सवय गेली नाही. परिसरात दरोडा पडला की आधी पारध्यांच्या पालांवर धाड पडते, हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतले जातीवरून कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये असंही पोलिसांना बजावलं. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी हे बजावावं लागलं.

आता ही दीडशे वर्षांची वही यंत्राला द्या. जातीचा रकाना काढून टाका. तरी वस्तीचा पत्ता राहतो, आडनाव राहतं, ‘यापूर्वी संशयित’ हा शेरा राहतो. यंत्र जात विचारत नाही, पण पत्त्यावरून तिथेच पोहोचतं. फरक इतकाच की पूर्वी एखादा हवालदार ‘हे असलेच’ म्हणायचा, तेव्हा त्याच्याशी वाद घालता यायचा. आता पडद्यावर ‘धोका: ८७ टक्के’ असं दिसेल, आणि त्याच्याशी वाद कसा घालायचा हे त्या वस्तीतल्या पोराला कुणी शिकवलेलं नाही.

‘पण ९९ टक्के अचूक आहे म्हणतात’

इथे थोडं गणित करू, सोपं आहे. समजा आषाढीला पंढरपुरात १० लाख वारकरी आहेत आणि त्यात पोलिसांना हवे असलेले १०० जण मिसळले आहेत. चेहरे ओळखणारा कॅमेरा ९९ टक्के अचूक आहे. १०० पैकी ९९ जण तो पकडून देईल. छान. पण उरलेल्या ९,९९,९०० निरपराध लोकांपैकी एक टक्क्याबाबत तो चुकेल, म्हणजे ९,९९९ माणसांसमोर लाल दिवा लागेल. लाल दिवा लागलेल्या दर शंभरांत खरा संशयित एक, आणि ९९ साधे वारकरी.

यंत्र खराब नाही. शोधायची गोष्ट दुर्मीळ असली की चांगल्या यंत्राचंही असंच होतं. त्यामुळे कुठलीही प्रणाली विकायला आलेल्यानं ‘अचूकता’ सांगितली, की लाल दिवा लागलेल्यांपैकी किती जण खरे निघाले हे विचारायचं. दिल्ली पोलीस चेहऱ्याचं साम्य ८० टक्क्यांवर गेलं की ते जुळलं असं धरतात, हे २०२२मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. ८०च का, याचं स्पष्टीकरण नागरिकांना मिळायला हवं.

मग एआय नकोच?

पोलिसांची बाजूही खरी आहे. एकेका तपासी अंमलदाराकडे ढीगभर प्रकरणं, वर बंदोबस्त, वर कोर्टाच्या तारखा. आणि गुन्हेगारांनी एआय कधीच हातात घेतलं आहे. मुलाचा हुबेहूब आवाज काढून आईकडे पैसे मागणारे फोन येतात. २०२४मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांनी २२,८४५ कोटी रुपये गमावले, आदल्या वर्षीच्या तिपटीहून जास्त. पैसा दहा मिनिटांत पंधरा खात्यांतून फिरतो. त्याचा माग हातानं काढता येत नाही, तिथे यंत्र हवंच. इंग्रजीतलं बँकेचं उत्तर मराठीत आणणं, हजार पानांच्या फोन नोंदींतून एक नंबर शोधणं, तक्रारीतून कलमं सुचवणं, या कामांत यंत्र चुकलं तर माणूस पडताळून दुरुस्त करू शकतो.

रेषा मी इथे ओढते. घडलेल्या गुन्ह्याचा माग काढायला यंत्र चालेल. न घडलेल्या गुन्ह्यासाठी माणूस निवडायला चालणार नाही. युरोपीय संघानं २ फेब्रुवारी २०२५पासून जवळजवळ हीच रेषा कायद्यात आणली. केवळ व्यक्तीच्या स्वभाव-पार्श्वभूमीवरून ती गुन्हा करेल असं भाकीत करणारी प्रणाली तिथे वापरता येत नाही. आपल्याकडे मार्व्हलसारख्या संस्था कोवळ्या आहेत तोवरच हे लिहून घेतलं पाहिजे.

ठाण्यात गेल्यावर

वही सुधारायची तर ती आपल्या बाजूनंही सुधारता येते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३मध्ये सांगितलं. नव्या प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३नुसार हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतलीच नाही, तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० हा नंबर, आणि त्यानंतर एफआयआर झाला का याचा पाठपुरावा.

आणि सही करण्याआधी कागद वाचायचा. ‘गहाळ’ लिहिलं असेल आणि पिशवीला ब्लेड मारलेलं असेल, तर तो शब्द खोडून ‘चोरी’ लिहायला सांगायचं.